सगळ्या मायनरच पायजेत

बडेबाबू,

काल तुमची तेरवी झाली आणि आज मी तुमच्या टेबलाशी बसले आहे. प्रवेशाचे दिवस, खिडकीबाहेर रांग, आणि तुमच्या खुर्चीवर बसायला ऑफिसातलं कुणी तयार होईना. शेवटी मीच बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "खुर्ची का मेली हाय जी मॅडम? बसा नं."

कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमची जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, सगळं वाचून दाखवलं. ते तर तुमच्या सर्व्हिस बुकातही आहे. मला बोलायला उभं केलं तर मी दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि बसले. लोकांना वाटलं मॅडमना भरून आलं. भरून आलं होतंच, पण खरं कारण वेगळं. मला जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते तुमच्याशीच बोलायला पाहिजे, म्हणून लिहून राहिले.

नवं धोरण आलं ते वर्ष आठवतं? त्याआधी बी.ए. म्हटलं की भाषा दोन आणि विषय तीन, पोरं मुकाट्यानं घ्यायची. मग विद्यापीठाची ती जाडजूड यादी आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव, कौशल्याचा विषय, मूल्यांचा विषय, ज्ञानपरंपरा, आणि वरून सहअभ्यासक्रम. पर्यटन होतं, छायाचित्रण होतं, मशरूमची लागवड होती, योग होता, पत्रकारिता होती. या सगळ्याला म्हणे 'बास्केट' म्हणायचं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून यादी लांब धरून वाचली आणि म्हणालात, "बाप्पा! टोपलीत एवढा भाजीपाला, अन् आपल्या चुलीवर भांडे किती?"

भांडी सहाच. सहा शिकवणारे, त्यातले दोघं तासिका तत्त्वावर. मी तेव्हा प्रवेश समितीची प्रमुख, नवी नवी, अंगात जोर. भूगोल शिकवायचा सोडून मी दोन पानांचं माहितीपत्रक बनवलं, त्याच्या प्रती काढल्या, आणि मला वाटलं आता सगळं सगळ्यांना समजणार. पहिल्याच दिवशी अड्याळकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. त्यांनी ते पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मायनर म्हणजे का जी?"

मी म्हटलं, "दुय्यम विषय."

त्यांनी मुलीकडं वळून तिला झापलंच. "दुय्यम कायले घेतं वो? घ्याचा तं एक नंबरचा घे!"

तुम्ही त्यांना खिडकीतून आत बोलावलं, स्टुलावर बसवलं. खिडकीशी वाकून कुणी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून ते स्टूल कायम तुमच्या शेजारी. आणि तुम्ही सुरू झालात. "मामाजी, तुमच्या गावाकून नहर जाते नं? थे मोठी नहर म्हणजे मेजर. अन् तिच्यातून जे लहान नहर फुटते, तिले आपण का म्हणतो?"

"मायनर," मामाजी म्हणाले.

"झालं तं मंग! थेच हाय हे. पोरीची मोठी नहर कोन्ती अन् मायनर कोन्ती, एवढंच लिहाचं हाय. अन् तुमच्या धानाच्या बांदीत पाणी कोठून येते?"

"मायनरातूनच येते जी."

"मंग दुय्यम कशी झाली?"

मामाजी खूश. मुलगीही हसली. माझा मात्र पारा चढला. ते गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "बडेबाबू, लोकांना काहीही सांगू नका. शैक्षणिक संज्ञा आहे ती, तिचा नहराशी काय संबंध?" तुम्ही माझ्याकडं इतक्या नवलानं पाहिलं. "मॅडम, तुमाले मायनर मालूम नाही? भूगोलाच्या मॅडम, अन् मायनर मालूम नाही!"

खरंच मालूम नव्हती हो. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. बाबा फॅक्टरीत, शाळेला फॅक्टरीची बस, शेजारी कुणी बिहारचे तर कुणी बंगालचे, खेळताना भांडायचो तेही हिंदीत. धान मी ताटात पाहिला. कालव्यांचं जाळं मी फळ्यावर किती वेळा काढलं असेल, त्यातली वितरिका, उपवितरिका पोरांकडून पाठ करून घेतली, आणि समोर बसलेली पोरं रोज सकाळी मायनर ओलांडून वर्गात येत होती हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही ते सांगितलं आणि वर महिनाभर छळलं. कुणीही आलं की, "हे आमच्या भूगोलाच्या मॅडम. नहर नकाशातून दाखवतात."

मग एका रविवारी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलं. लाखांदूरच्या एसटीनं मी आले, तुम्ही फाट्यावर उभे होता. घरी नेण्याच्या आधी मला शेताच्या धुऱ्यावरून चालवत मायनरवर नेलं. धानाचा रोवणा नुकताच आटोपला होता. दगडावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, मायनर, खाली तिचा नंबर. तुम्ही त्या दगडाशेजारी उभे राहिलात आणि म्हणालात, "वाचा. सरकारी अक्षर हाय, माहं नाही." मी इतकी हसले की माझी चप्पल चिखलात राहिली. पुढं तुम्ही मला सबमायनर पण दाखवली आणि विचारलं, "हे काहून नाही काढली विद्यापीठानं अजून?" घरी शकुंतलाकाकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. मी सात खाल्ले. काकू म्हणाल्या, "खाऊ द्या त्याइले, दिसभर नहर पायली बिचाऱ्याईनं." असं पोटभर हसणं माझं कॉलेजात कधी झालं नाही.

आता ती दुसरी गोष्ट. तिच्याबद्दल मी तुमच्याशी पुन्हा कधी बोलले नाही, तुम्हीही काढली नाही.

त्याच वर्षी विषयांच्या फॉर्ममध्ये पाच-सहा मुलींनी 'ओपन इलेक्टिव'चा रकाना कोरा सोडला होता. मी ते फॉर्म परत केले. एका मुलीला, करिश्माला, सगळ्यांसमोर बोलले, "एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही का?" ती खाली मान घालून उभी राहिली. ती गेल्यावर तुम्ही उठून तिच्यामागं व्हरांड्यात गेलात, आणि परत येऊन मला सांगितलंत की ती म्हणते, सर, आम्ही ओपनमध्ये नाही येत, आम्ही ओबीसी आहो.

मला हसू फुटलं. बरं, तिथंच थांबावं ना? मी स्टाफरूममध्ये जाऊन तो किस्सा रंगवून सांगितला. तिचा आवाज काढून सांगितला. सगळे हसले. तुम्ही दारात हजेरीचं रजिस्टर घेऊन उभे होता, ते मला नंतर दिसलं.

संध्याकाळी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. "मॅडम, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला."

"थ्या पोट्टीचं चुकलं का जी यात? स्कॉलरशिपचा फार्म, होस्टेलचा फार्म, जेवढे भरले तिनं आजलोक, त्यात ओपनसमोरचा चौकोन सोडून द्याचा, हेच आपण तिले शिकवलं. आता थोच शबद तुम्ही उचलून दुसरीकडं ठेवला. तिनं तं शिकवल्यापरमानं बराबर केलं. अन् आपण हासून राहिलो."

माझं तोंड एवढंसं झालं. पण मी कुठली गप्प बसते! म्हटलं, "शब्द काय मी ठेवला? मी विद्यापीठ आहे का?"

"नाही जी. पण फार्म वापस तं तुम्हीच केला नं."

आणि जाता जाता म्हणालात, "मॅडम, रिकामा रकाना दिसला तं फार्म वापस नाही कराचा. काहून रिकामा ठेवला, थे इचाराचं. माणूस उगाच रिकामं नाही ठेवत."

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या काचेवर तुमच्या अक्षरातला कागद दिसला. 'मोकळा विषय. कोणत्याही प्रवर्गाच्या मुलामुलींनी घ्यावा.' प्राचार्य म्हणाले, हा अधिकृत शब्द नाही, काढा. तुम्ही हो म्हणालात आणि तो कागद काचेच्या आतल्या बाजूनं, स्टुलावर बसणाऱ्यालाच दिसेल असा लावला. तो आजही तिथंच आहे. मी आत्ता त्याच्याकडं बघूनच लिहिते आहे. करिश्मा आता तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं मोकळ्या विषयात छायाचित्रण घेतलं होतं. काल तुमच्या तेरवीत हार घातलेला जो फोटो होता तो तिनंच काढलेला. तुम्ही त्यात हसताय, आणि दात लपवायला हात वर येतोय.

त्या संध्याकाळी मी 'चुकलं' म्हणाले नाही. नंतरही म्हणाले नाही. आज म्हणते, चुकलं माझं. किती सोपं होतं हो!

आणि आपलं मोठं भांडण. तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा एक दिवस चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "मॅडम, रिटायर झाल्यावर मी बी ॲडमिशन घेतो म्हणतो."

"कशाला?"

"कायले म्हणजे? जिंदगीभर दुसऱ्याइले इसय वाढले. एखादा माह्या बी ताटात पडू द्या."

तुम्ही बारावी झालात तेव्हा या कॉलेजात तीनच विषय होते. तुम्हाला त्यातला एकही नको होता, म्हणून तुम्ही घरी गेलात, आणि दोन वर्षांनी याच कॉलेजात शिपाई म्हणून आलात. पुढं लिपिक झालात. पदवी नव्हती म्हणून मोठ्या बाबूची खुर्ची कागदावर कधी मिळाली नाही, पण प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे तुम्हालाच बडेबाबू म्हणत आले. मी म्हटलं, "चला, आता घ्या. मेजर कोणता?"

"मेजर नको. सगळ्या मायनरच पायजेत मले."

मला वाटलं गंमत करताय. पण तुम्ही बोटांवर मोजायला लागलात. शेताजवळच्या बोडीत साठलेलं पाणी कुठं मुरतं त्यासाठी भूगोल. गावातले जुने तलाव कुणी बांधले, मालक कोण होते, त्यासाठी इतिहास. दंडारीच्या खेळातल्या गाण्याच्या चाली कशा बसवतात त्यासाठी संगीत. रोवण्याआधी धानाचे पऱ्हे पिवळे पडतात ते काहून, त्यासाठी वनस्पतिशास्त्र. "मेजर करून मले का फौजेत जायचं हाय?"

मी म्हटलं, असं चालत नाही. माणसानं एका विषयात तरी खोल गेलं पाहिजे, नाही तर हाती काहीच लागत नाही. तुम्ही म्हणालात, "बांदीत पाणी घोट्याएवढंच लागते मॅडम. गळ्याएवढं भरलं तं धान सडते." मी म्हटलं, मी काय धान आहे? तुम्ही म्हणालात, "तुमाले बी थोडं कमीच भरलं असतं तं बरं झालं असतं." बापरे, किती चिडले होते मी! दोन वर्षं आपण हेच भांडलो. चहा आला की भांडण. मी अजूनही माझ्याच बाजूनं आहे, सांगून ठेवते. चार विषयांचा चमचा चमचा घेऊन कुणी शिकत नाही. पण तुम्ही नसताना हे म्हणण्यात काही मजा नाही. समोरून 'हव जी, पण' असं यायला पाहिजे.

मे अखेर तुम्ही निवृत्त झालात. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, आणि एक दिवस तुम्ही आलात. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी मोडायची राहिलेली, खिशाला पेन्सिल. मुलींच्या रांगेत उभे राहिलात. सगळे म्हणाले, बडेबाबू, आत या. "आता बाबू नाही. आता मी उमेदवार आहो," असं म्हणून तुम्ही जिथं होता तिथंच उभे राहिलात. पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या, आणि तुम्ही त्यांना मायनर समजावत होता.

त्या दिवशी पोर्टल सकाळपासून अडकत होतं. समितीतले दोघं रजेवर. लाइट जाऊन येऊन राहिली होती आणि माझं डोकं भणभणत होतं. तुमचा नंबर आला. फॉर्म तुमच्या पद्धतीनं आधी पेन्सिलीनं भरलेला. मायनरच्या एवढ्याशा रकान्यात चार विषय बारीक अक्षरात बसवलेले. मेजरचा रकाना कोरा.

मला वाटलं, झालं, इथंही भांडण आणलं यांनी. मी लाल पेनानं त्या कोऱ्या रकान्याला गोल केला. "बडेबाबू, तुम्हीसुद्धा? मेजर भरल्याशिवाय पुढं जात नाही, तुम्हाला काय सांगायचं? भरून आणा, उद्या-परवा या." आणि मी म्हणाले, "नेक्स्ट."

तुम्हाला नेक्स्ट म्हणाले मी.

तुम्ही क्षणभर खिडकीशी तसेच वाकून थांबलात. माझ्याकडं पाहिलंत. मी मान वर केली तेव्हा तुमच्या तोंडावर ते नेहमीचं, आता काहीतरी बोलणार असं हसू होतं. मग मागच्या मुलीनं कागद पुढं सरकवला. तुम्ही म्हणालात, "बरं जी," फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि गेलात. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या गावाहून फोन आला.

काल पंगती उठल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. हातात तुमचा तोच फॉर्म. म्हणाल्या, "मॅडम, त्यायच्या या फार्माचं का झालं होतं?"

मी म्हटलं, "एक रकाना राहिला होता काकू."

"हव, मालूम हाय मले. त्याईनं मुद्दामच ठेवला होता. इसय पक्का झाला होता त्यायचा. मी इचारलं कोन्ता, तं म्हणत, आधी मॅडमले सांगतो. मॅडम फार्म पायतीन, इचारतीन काहून रिकामा ठेवला, तवा सांगतो. दोन साल भांडलो, आज मॅडमले जिंकू देतो म्हणत. हासत हासत गेले त्या दिवशी."

"मग घरी येऊन काय म्हणाले?" मी विचारलं.

"घरी आल्यावर मी म्हटलं, सांगतलं का? तं म्हणे, आज गर्दी होती वो, बिचाऱ्या एकट्याच होत्या. मंग नंतर फोनवर इचारलं असन नं तुम्ही?"

मी हो म्हटलं. खोटं बोलले, बडेबाबू. त्या माउलीच्या तोंडावर मला नाही म्हणवलं नाही.

"मंग कोन्ता होता जी थो?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "भूगोल."

काकू रडता रडता हसल्या. "तरीच! मले वाटलंच होतं." आणि तो फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिला, जपून ठेवा म्हणाल्या.

एसटीत बसल्यावर मला समजलं मी काय केलं ते. इतिहास म्हणता आलं असतं, संगीत म्हणता आलं असतं. माझाच विषय तोंडात आला. तुमचा एक रकाना, तोही तुम्ही नसताना मीच भरून आले. आणि आता काकू साऱ्या गावाला सांगतील की यांना भूगोल घ्यायचा होता.

फॉर्म आत्ता माझ्यासमोर आहे. पेन्सिलीचं अक्षर, मधे माझा लाल गोल, आणि गोलाच्या आत काहीच नाही. मी तिथं काही लिहिणार नाही. काकूंना खरं सांगायला येत्या रविवारी जाणार आहे, त्या काय म्हणायचं ते म्हणोत. आज सकाळपासून एकही अपुरा फॉर्म मी परत केला नाही. रांग हलत नाही म्हणून बाहेर आरडाओरडा चालू आहे, ऑफिसातले वैतागलेत. स्टूल तुमचंच आहे, तुमच्याच जागेवर.

या, बसा. गर्दी असू द्या, पोर्टल अडकू द्या. सांगा मले, मेजरचा रकाना काहून रिकामा ठेवला जी, बडेबाबू?